चौथी गिटार

घरात सगळे तिला धाकटी म्हणत. पन्नाशी उलटली, चष्म्याचा नंबर वाढला, जिना चढताना गुडघे कुरकुरायला लागले, तरी ती धाकटीच राहिली. तिच्या आधी दादा जन्मला होता आणि ही गोष्ट दादाने तिला कधी विसरू दिली नव्हती.

ती दातांच्या लॅबमध्ये काम करायची. दवाखान्यांमधून लोकांच्या जबड्यांचे साचे यायचे आणि धाकटी त्यावरून दात घडवायची. कुणाची अख्खी कवळी, कुणाचा समोरचा एकच दात. काम चांगलं झालं की कुणाला कळतही नसे, आणि यातच तिला मजा वाटायची. शेजारच्या खऱ्या दाताशी रंग जुळेपर्यंत ती तो नवा दात खिडकीशी नेऊन पुन्हा पुन्हा बघायची, आणि दात फारच पांढराशुभ्र झाला तर स्वतःवरच चिडायची.

तिचे वडील एका डान्स हॉलच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. त्यांची गिटार विजेवरची, दोन शिंगांची. एक शिंग जरा लांब, एक आखूड. तारांखाली आवाज उचलणारे तीन पिकअप, आणि सूर थरथरवायला खाली एक लोखंडी दांडी. हा आकार सगळ्या जगाने पाहिलेला आहे. गिटार म्हणून मुलं चित्र काढतात ते बहुतेक याच आकाराचं असतं. वडिलांची गिटार मात्र मूळ कंपनीची, मूळ काळातली. कुण्या परदेशी वादकाने जाताना त्यांना दिलेली. त्यांनी ती आयुष्यभर वाजवली, इतकी की मानेवरचा रंग अंगठ्याने झिजून खालचं लाकूड दिसायला लागलं होतं.

शिकवायला त्यांनी आधी दादाला बसवलं. दादाची बोटं दुखायची, मग पोट दुखायचं, मग तो सापडायचाच नाही. धाकटी मात्र न बोलावता येऊन बसायची. दुपारी, वडील कामाला निघायच्या आधी, दोघं खिडकीपाशी बसत. तिची बोटं लहान, गिटार मोठी, तरी तिने मागे हटण्याचं नाव घेतलं नाही. ती लग्न होऊन जाईपर्यंत हे चाललं.

वडील गेले तेव्हा गिटार दादाकडे गेली. धाकटीला कुणी विचारलं नाही. मुलाकडेच जाणार, त्यात विचारायचं काय, असं सगळ्या नातेवाइकांनी मानेनेच ठरवून टाकलं. दादाने दिवाणखान्यात भिंतीला काचेची पेटी करून घेतली, आत छोटा दिवा लावला आणि गिटार त्यात उभी केली. पाहुणे आले की तो आधी दिव्याचं बटण दाबायचा आणि मग चहा सांगायचा. धाकटीने वाजवायला मागितली तेव्हा तो म्हणाला, तारा जुन्या आहेत, तुटतील. पुढे कधीतरी मागितली तेव्हा म्हणाला, हाताच्या घामाने रंग जातो. त्यानंतर तर तो फक्त "बघू" म्हणाला. दादाचं बघू म्हणजे काय हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. धाकटीने मागणं सोडलं. घरी एक साधी, पोकळ पोटाची लाकडी गिटार होती, तिच्यावर ती वाजवत राहिली.

अशात एक दिवस काकांचा फोन आला. काका म्हणजे वडिलांच्या ऑर्केस्ट्रातले सॅक्सोफोनवाले. ऐंशीच्या पुढचे, दम लागायचा, पण सॅक्सोफोन तोंडाला लावला की तो दम कुठे जायचा कोण जाणे. ते म्हणाले, आपला जुना हॉल दुरुस्त होऊन पुन्हा उघडतोय, उद्घाटनाला आपणच वाजवायचं. ड्रमवाला अजून धडधाकट आहे, पियानोवालीची बोटं चालतात, तुझ्या बापाची जागा रिकामी आहे. "पोरी, ती तू भरायचीस. नाही म्हणालीस तर मी दुसऱ्याला विचारणार नाही, खुर्ची तशीच ठेवीन."

धाकटी हो म्हणाली, आणि त्याच रविवारी दादाकडे गेली. हॉल तोच, ऑर्केस्ट्रा तोच, तेव्हा एका संध्याकाळपुरती तरी पेटी उघडेल असं तिला वाटलं होतं. दादाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. वहिनीने बिस्किटं पुढे केली. मग दादा म्हणाला की गिटार हॉलवर न्यायला त्याची हरकत नाही, उलट तो स्वतः घेऊन येईल, स्टेजवर स्टँडवर ठेवू, खाली पाटी लावू, लोकांना बघू दे. वाजवायची मात्र नाही.

"मग मी काय वाजवू?" धाकटीने विचारलं.

"बाजारात ढिगाने मिळतात तसल्या," दादा म्हणाला. "दिसायला अगदी हुबेहूब. पण बाबांच्या कार्यक्रमात तू नक्कल घेऊन बसणार असशील तर एकदा विचार कर. लोक हसतील."

धाकटीने बिस्किट अर्धंच खाल्लं आणि बशीत ठेवलं. "दादा, माझ्या हातचे नकली दात लावून लोक रोज जेवतात," ती म्हणाली. "पोट खरंच भरतं त्यांचं." एवढं बोलून ती उठली आणि चपला घालून निघाली. जिना उतरताना आपल्याला राग आलाय की आनंद झालाय, तिला कळेना. मागत राहण्याची कटकट एकदाची संपली होती.

पुढच्या सुट्टीला ती वाद्यांच्या दुकानात गेली. सोबत नवरा होता. त्याची गाडी शिकवण्याची शाळा होती, त्यामुळे सगळं गाव त्याला मास्तर म्हणायचं आणि लग्नानंतर तीही म्हणायला लागली. मास्तरांना संगीतातलं ओ की ठो कळत नसे. पण रोज नवशिक्यांच्या शेजारी बसून त्यांचे कान तयार झाले होते. इंजिनाच्या आवाजावरून कोण घाबरलंय आणि कोण माजलंय हे ते डोळे मिटून सांगत. धाकटीने त्यांना त्यासाठीच आणलं होतं.

दुकानदार जाड, हसरा, खांद्यापर्यंत केस वाढवलेला. माणूस चांगला, पण त्याला गिटार दाखवा म्हटलं की तो स्वतःलाच दाखवायचा. धाकटीने दोन शिंगांच्या स्वस्तातल्या गिटारी मागितल्या, तर त्याने एक उतरवली, अँपला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीला, जोडली आणि तिच्यावर असा सुसाट सुटला की शेल्फावरच्या खंजिऱ्याही खुळखुळायला लागल्या. धाकटीने तो थांबेपर्यंत वाट पाहिली. मग सांगितलं, तुमचा हात फार छान आहे, पण गिटार कशी आहे ते मला अजून कळलेलं नाही. तेवढी माझ्याकडे द्या, आणि अँप बंद करा.

बंद अँपचं त्याला नवल वाटलं, पण त्याने ऐकलं. तिच्या ऐपतीतल्या चार गिटारी त्याने काउंटरवर ओळीने मांडल्या. चार कंपन्यांच्या, आकार एकच. लांबून पाहिलं तर चौघी सख्ख्या बहिणी. एक पांढरी, एक लाल, एक निळी आणि एक चहा सांडून वाळला की जसा डाग पडतो तशा तपकिरी रंगाची.

धाकटीने पांढरीपासून सुरुवात केली. दिसायला तीच सगळ्यात देखणी होती. वरचं पॉलिश इतकं गुळगुळीत की त्यात दुकानाचे दिवे दिसत. तिने गिटारीची मान डोळ्यासमोर धरून वरून खाली पाहिलं, सरळ होती. कडेवरून अंगठा फिरवला. पडद्यांची, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची, टोकं कुठेही बोचली नाहीत. मग तिने ती पोटाशी धरली आणि एक तार छेडली. तार वाजली आणि संपली. पुन्हा छेडली. पुन्हा तेच. सूर लाकडात उतरतच नव्हता, दारातूनच परत जायचा. धाकटीला लॅबमधले ते फार पांढरे दात आठवले. तिने ती बाजूला ठेवली.

लाल गिटार अँपला जोडल्यावर दणक्यात वाजली. दुकानदाराची ती लाडकी होती. धाकटीने आवाज बदलणारी कळ एकेक घर पुढे सरकवली. या जातीच्या गिटारीत त्या कळीच्या प्रत्येक घराला वेगळा गळा असतो. मानेजवळचा पिकअप गोल, घुमारेदार; खालचा कडक, जरा बोचरा; मधल्या घरांत एक पाणीदार आवाज, तोच वडिलांचा आवडता. लाल गिटारीत मात्र कळ कुठेही नेली तरी एकच आवाज. ओरडून बोलणारा माणूस प्रेमाचं बोलतोय की भांडतोय हे जसं कळत नाही, तसं. धाकटीने मागे वळून पाहिलं. मास्तर भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसले होते, तिनेच तसं बसवलं होतं, रंग बघून मत बनू नये म्हणून. ते म्हणाले, "ही सारखी हॉर्न वाजवत चाललीय."

निळीने तिला जवळजवळ पटवलं. आवाज गोड, मान हाताला हलकी, मधल्या घरातला तो पाणीदार स्वरही बराचसा होता. मास्तरसुद्धा मान डोलवायला लागले. धाकटीने सूर लावून घेतला, दांडी दाबून सूर खाली नेला आणि सोडला. परत आला तो सूर जागेवर बसला नाही, थोडा खालीच राहिला. तिने खुंट्या पिळून पुन्हा लावला, पुन्हा दांडी दाबली, पुन्हा तो खालीच. खुंट्याच ढिल्या होत्या, आणि दोन ओळी वाजवल्या की तारा सरकायच्या. दुकानदार म्हणाला, खुंट्या बदलता येतील. मास्तर म्हणाले, "चढावर गाडी मागे घसरते आहे. असा विद्यार्थी मी परीक्षेला पाठवणार नाही."

राहिली तपकिरी. दुकानदाराने ती खरं तर संख्या भरायला म्हणून मांडली होती. रंग कुणाला आवडत नव्हता, त्यामुळे ती बरेच दिवस पडून होती. पडद्यांची टोकं करवतीसारखी. अंगठा फिरवताच धाकटीने हात मागे घेतला. कळ फिरवली की कर्र वाजायचं. पण तिने ती पोटाशी धरून तार छेडली, आणि अँप बंद असतानाही सूर तिच्या बरगड्यांपर्यंत आला. येऊन थांबला. निवांत बसला, आणि हळूहळू विरत गेला. धाकटीने दुसरा सूर छेडला, मग तिसरा. मानेची गोलाई तिच्या तळव्यात बरोबर बसत होती. मग अँप जोडून तिने वडिलांचा एक जुना संथ तुकडा वाजवला, मधल्या घरात. वडिलांच्या गिटारीसारखा आवाज येत नव्हता. पण आलेला आवाज कुणाची माफी मागत नव्हता.

मास्तरांनी तुकडा संपेपर्यंत ऐकला, भिंतीकडे तोंड करूनच. मग म्हणाले, "ही कोणती आहे ते मला माहीत नाही. पण ही घे."

दुकानदाराने प्रामाणिकपणे तिला सावध केलं. या गिटारीचं काम कच्चं आहे, लोक परत आणून देतात, तुम्ही थोडे जास्त घालून निळी घ्या, मी खुंट्या बदलून देतो. धाकटी म्हणाली, जे कच्चं आहे ते वरवरचं आहे, ते मला जमेल. आणि जे हिच्यात आहे ते त्या तिघींमध्ये मला घालता येणार नाही.

पुढचे काही दिवस लॅब सुटल्यावर ती टेबलाशी थांबायची. दात घासायच्या बारीक कानशी आणि रबरी चकत्या तिच्याकडे होत्याच. तिने गिटारीच्या मानेला कागदी पट्ट्या चिकटवल्या आणि एकेक पडद्याचं टोक गोल केलं, चमकवलं. कळीत फवारा मारून कर्र आवाज घालवला. लॅबचा मालक जाताना डोकावला आणि हा कुणाचा जबडा म्हणून विचारलं. धाकटी म्हणाली, माझा.

तालमी सुरू झाल्या. काका चिडके होते, पियानोवाली बहिरी होत चालली होती, ड्रमवाला प्रत्येक गाणं स्वतःच्या वयाला साजेशा गतीत न्यायचा. तपकिरी गिटार पाहून काकांनी आधी नाक मुरडलं. वाजल्यावर ते इतकंच म्हणाले की दुसऱ्या गाण्यात तू घाई करतेस. धाकटीला ती शाबासकीच वाटली.

उद्घाटनाच्या संध्याकाळी हॉल भरला. नवा रंग, नवे पडदे, जमीन मात्र जुनीच, पावलांनी घासलेली. धाकटी मागच्या खोलीत तारा पुसत होती तेव्हा दादा आत आला. त्याच्या हातात गिटारीची काळी पेटी होती आणि चेहऱ्यावर तिने कधी न पाहिलेलं लाडिक हसू. त्याने दार लावलं, पेटी टेबलावर ठेवली, उघडली आणि म्हणाला, "घे. वाजव आज."

धाकटी बघतच राहिली. नव्या तारा चढवलेल्या होत्या. तिने विचारलं, हे कसं काय? दादा आधी आढेवेढे घ्यायला लागला, मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तो आणि वहिनी लहान घरात राहायला जाणार होते. मुलं परदेशी, एवढी मोठी जागा सांभाळायची कुणासाठी. नव्या घरात पेटीला भिंत नव्हती. जुनी वाद्यं जमवणारा एक गृहस्थ त्याला भेटला होता आणि आज पहिल्या रांगेत बसला होता. गिटार घ्यायला तो तयार होता, पण त्याला ती एकदा वाजताना ऐकायची होती, आणि तीही याच हॉलमध्ये. त्याचा माणूस चित्रीकरण करणार होता. मूळ वादकाची मुलगी, मूळ हॉल, मूळ गिटार. असं काही सोबत असलं की वस्तूला वजन येतं, दादा म्हणाला.

धाकटीने हात पुसले आणि गिटार उचलली. तिला राहवलंच नाही. मानेवरच्या झिजलेल्या जागी तिचा अंगठा आपसूक जाऊन बसला. तिने तो संथ तुकडा वाजवला, अँपशिवाय, अगदी हळू. आणि तिला मान्य करावं लागलं की ही गिटार तिच्या गिटारीहून चांगली आहे. थोडीथोडकी नाही, बरीच. सूर असा सुटत होता जसं कुणी शेजारच्या खोलीतून तिला हाक मारतंय, लहानपणच्या नावाने. तिचे डोळे भरून आले. दादाने ते पाहिलं आणि त्याला वाटलं काम झालं. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

धाकटीने तुकडा पुरा केला. गिटार पेटीत नीट निजवली, पट्टे लावले आणि पेटी दादाकडे सरकवली.

"फार सुंदर आहे," ती म्हणाली. "माझ्या गिटारीपेक्षा सरस आहे. पण मी ही स्टेजवर नेणार नाही."

दादाला वाटलं तिने नीट ऐकलं नाही. त्याने पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी जरा मोठ्याने. मग तो म्हणाला, इतकी वर्षं मागत होतीस ना, आता देतोय तर नखरे कसले. मग म्हणाला, बाहेर माणूस बसलाय, माझी अब्रू आहे. शेवटी म्हणाला, "भांडायची ही वेळ आहे का?"

"मी भांडत नाहीये, दादा. मी नाही म्हणतेय. तुला सवय नाही म्हणून ते भांडणासारखं ऐकू येतंय."

दादा खुर्चीत बसला. तिला एकदम तो म्हातारा वाटला, आणि तिला त्याची दया आली. पण दया आली म्हणून तिचा निर्णय बदलला नाही. ती त्याच्यासमोर उभी राहून सावकाश बोलली. गिटार तुझी आहे. विकायची तर वीक, मी आडवी येणार नाही. पण इतकी वर्षं माझी बोटं तिला नकोशी होती आणि आज तुझं गिऱ्हाईक आलं म्हणून तीच बोटं चालायला लागली. बाबांनी मला वाजवायला शिकवलं, माल दाखवायला नाही. ती वाजलेली ऐकायची असेल तर त्या गृहस्थांना म्हणावं, विकत घ्या आणि शिका.

बाहेर निवेदक बोलायला लागला होता. काकांनी दारावर टकटक केली. धाकटीने तपकिरी गिटार गळ्यात अडकवली आणि निघाली.

घोळ असा झाला होता की निवेदकाच्या हातात दादाने आधीच कागद दिला होता. धाकटी खुर्चीवर बसते न बसते तोच तो भरदार आवाजात म्हणाला, आता आपण ऐकणार आहोत आपल्या लाडक्या वादकाची ती अस्सल गिटार, त्यांच्याच कन्येच्या हातून. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या पांढरे बूट घातलेल्या गृहस्थाने आपल्या चित्रीकरणवाल्याला खूण केली. काकांनी धाकटीकडे पाहिलं. आता गप्प बसायचं आणि वाजवायला लागायचं हे सगळ्यात सोपं होतं. लांबून कुणाला कळणार होतं?

धाकटी उठली आणि माइकपाशी गेली. भाषण तिने जन्मात केलं नव्हतं.

"ही बाबांची गिटार नाही," ती म्हणाली. "ही माझी आहे. स्वस्तातली आहे, त्यांच्या गिटारीसारखी दिसते एवढंच. वाजवणं आवडलं नाही तर मला बोला, हिला बोलू नका."

मग मागून कुणीतरी, बहुधा मास्तरच, हसले, आणि बरेच लोक हसले. पांढऱ्या बुटांचा गृहस्थ हसला नाही. काकांनी सॅक्सोफोन तोंडाला लावण्याआधी पायाने ताल दिला, आणि गाडी सुटली.

पहिलं गाणं काही खास झालं नाही. धाकटीची बोटं गार पडली होती, एका जागी ती चक्क चुकली आणि पियानोवालीला ऐकू न आल्यामुळे ती पुढे निघून गेली. दुसऱ्या गाण्यापासून जमायला लागलं. तिसऱ्यात वडिलांचा तो प्रसिद्ध एकट्याचा तुकडा होता. जुने लोक त्यासाठीच आले होते. काकांनी तिला तालमीत बजावलं होतं की तो जसाच्या तसा वाजव, लोकांना तोच हवाय. धाकटीने तो तसा सुरू केला. पहिली ओळ वडिलांची, अगदी त्यांचीच. दुसऱ्या ओळीच्या शेवटी तपकिरी गिटारीवरचा एक सूर लांबला, तिला वाटलं त्याहून लांबला, आणि त्याला तोडायचं तिच्या जिवावर आलं. म्हणून तिने तो राहू दिला, आणि त्याच्यावरून पुढे गेली ती वेगळ्याच वाटेने. वडील तिथून कधी गेले नव्हते. तिने दांडी दाबली, सूर खाली नेला, वर आणला, कळ खालच्या घरात टाकून दोन ओळी करकरीत, जवळजवळ उद्धटपणे वाजवल्या, आणि मग पुन्हा पाणीदार आवाजात परतली. काकांनी कपाळाला आठ्या घातल्या. पण चार मात्रांनंतर आठ्या तशाच ठेवून ते तिच्या मागे आले, आणि ड्रमवाला म्हातारा तर अंगात आल्यासारखा सुटला.

लोक नाचायला उठले. सगळे नाही. दुसऱ्या रांगेत एक आजोबा शेवटपर्यंत झोपले होते, आणि बाहेर पडताना दोन बायका म्हणाल्याच की मूळ गिटार असती तर बात काही और असती. धाकटीच्या कानावर ते पडलं. खरंच होतं ते. तिला वाईट वाटलं नाही. भूक मात्र सपाटून लागली होती.

त्या गृहस्थाने महिन्याभरात गिटार घेतली. न ऐकताच घेतली, हे वहिनीने फोनवर सांगितलं. फोन ठेवल्यावर धाकटी बाल्कनीत जाऊन उभी राहिली आणि रडली, चांगली हुंदके देऊन. मास्तर मध्ये आले नाहीत. एकदा नुसता टॉवेल ठेवून गेले. डोळे पुसून ती आत आली तेव्हा मास्तरांनी विचारलं, त्या दिवशी वाजवली असतीस तर बरं झालं असतं असं वाटतंय का? धाकटीने खरंच विचार केला. मग म्हणाली, "ती गेली याचं वाईट वाटतंय. नाही म्हणाले याचं नाही. दोन्ही एकच नाहीत."

हॉलवाल्यांनी ऑर्केस्ट्राला दर शनिवारी संध्याकाळी बोलवायला सुरुवात केली. काकांनी कुरकुरत, पण लगेच होकार दिला. एकल तुकडा तू हवा तसा वाजव, त्यांनी धाकटीला सांगितलं, पण मला आधी डोळ्याने खूण कर, या वयात धक्के सोसत नाहीत.

अशाच एका शनिवारी ती निघायच्या तयारीत असताना दादा दारात उभा राहिला. त्या संध्याकाळनंतर तो पहिल्यांदाच आला होता. नव्या घराबद्दल बोलला, लिफ्ट बंद पडते म्हणाला. मग बोलता बोलता थांबला आणि म्हणाला की दिवाणखान्यात आता काही नाहीये, आणि संध्याकाळी दिव्याच्या बटणाकडे हात जातो. धाकटी अँपच्या वायरी गुंडाळत ऐकत होती.

"बाबा काय म्हणाले असते?" त्याने विचारलं. "खरं सांग."

"मला नाही माहीत," धाकटी म्हणाली. "आणि मला आता ते विचारायचंही नाही. मी काय म्हणाले ते तुला माहीत आहे."

दादाने मान हलवली. त्याला अजून काही बोलायचं असावं, पण धाकटीकडे थांबायला वेळ नव्हता. मास्तरांचा शिकाऊ विद्यार्थी परीक्षेत अडकल्यामुळे ते गाडी घेऊन परस्पर हॉलवर येणार होते. तिने गिटार खांद्याला लावली, अँपची मूठ दादाच्या हातात दिली आणि दार उघडलं.

"जड आहे गं," दादा म्हणाला.

"हो," धाकटी म्हणाली, आणि जिना उतरायला लागली. दादा अँप दोन्ही हातांनी पोटाशी धरून तिच्या मागोमाग एकेक पायरी चाचपत निघाला. खालून रिक्षावाल्याने भोंगा दिला. धाकटीने जिन्याच्या खिडकीतून त्याला थांब म्हणून हात केला, आणि दादाला म्हणाली, "जरा उचल पाय. पहिलं गाणं माझं आहे."